पान की पाल? : काचेच्या पेटीतले पर्जन्यवन

भिंतीवरच्या पालीशी आपले नाते फारसे प्रेमाचे नाही. ती चुकचुकली की कोणी बोटाने जमिनीवर टिचकी मारतो, अंगावर पडली की पंचांगात फळ शोधले जाते. मनात संशय आला तरी आपण म्हणतो, शंकेची पाल चुकचुकली. अशा या प्राण्याच्या एका दूरच्या नातलगाला लोक हौसेने घरात आणतात, त्याच्यासाठी दिवसातून दोनदा पाऊस पाडतात, रात्री उठून त्याच्या पेटीतली तापमापी पाहतात, असे सांगितले तर वर्गातल्या मुलांना नक्कीच हसू येईल.

हा नातलग म्हणजे मादागास्करची पर्णपुच्छ पाल. तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव युरोप्लॅटस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'चपट्या शेपटीची' असा होतो. आपल्या घरातली पाल आणि ही पाल एकाच कुळातल्या. दोघींच्या बोटांखाली चिकटून चढण्यासाठी अतिसूक्ष्म केसांच्या गाद्या असतात, दोघींना उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात आणि दोघीही डोळ्यावरची धूळ जिभेने चाटून साफ करतात. पण इथून पुढे मात्र त्यांचे रस्ते वेगळे होतात.

या पालीला पेटीत जगवणे हे काम वरवर पाहता छंदाचे आहे. प्रत्यक्षात त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल आणि जीवशास्त्र या सगळ्यांची परीक्षा होते. त्यात नापास होणाऱ्याची शिक्षा मात्र प्राणी भोगतो. ती परीक्षा नेमकी कशाची असते, ते या लेखात पाहू.

सावली नसलेला प्राणी

मादागास्कर हे आफ्रिकेच्या पूर्वेला असलेले प्रचंड बेट. एकेकाळी ते आपल्या भारतीय भूखंडाला जोडलेले होते. सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी दोघे विलग झाले. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मादागास्कर एकटे राहिले. त्या एकटेपणात तिथे जी जीवसृष्टी घडली तिच्यातले बहुसंख्य प्राणी जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत. पर्णपुच्छ पाली त्यांपैकीच एक. त्यांच्या वीसहून अधिक जाती आज माहीत आहेत आणि एकविसाव्या शतकातही नव्या जातींची भर पडतेच आहे.

या जातींचे ढोबळमानाने दोन वेष आहेत. मोठ्या जाती झाडाच्या सालीचा वेष घेतात. त्यांतली 'फिम्ब्रिएटस' ही जात शेपटीसह सुमारे तीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीएवढी भरते. लहान जाती वाळलेल्या पानाचा वेष घेतात. 'फँटॅस्टिकस' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जात. १८८८ साली बूलांजे या शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. तिची शेपटी म्हणजे कडेने कुरतडलेले, मधोमध शीर असलेले पिंपळाचे वाळके पानच वाटते.

सालीसारखा रंग असणे ही गोष्ट समजायला सोपी आहे. पण नुसत्या रंगाने प्राणी लपत नाही. मुलांना एक प्रयोग करायला सांगा. तपकिरी कागदावर त्याच कागदाची गुंडाळी ठेवा आणि बाजूने उजेड पाडा. रंग तोच असूनही गुंडाळी लगेच दिसते. कारण? तिची सावली. डोळा वस्तूची कड ओळखतो तो बऱ्याचदा सावलीवरून.

या पालीने सावलीवरच उपाय शोधला आहे. तिच्या जबड्याच्या कडेने, पोटाच्या बाजूंनी आणि पायांवर कातडीची झालर असते. दिवसा ती झाडाच्या खोडावर डोके खाली करून पोट टेकवून पसरते आणि ही झालर खोडावर दाबून धरते. अंग आणि साल यांच्यामधली फट बुजते, कडेची सावली नाहीशी होते आणि पाहणाऱ्याला खोडावरचा एक जरासा उंचवटा तेवढा दिसतो. दिवसभर ती तशीच निश्चल राहते आणि अंधार पडला की शिकारीला निघते.

एवढे करूनही कोणी तिला ओळखलेच तर ती शेपूट उभारते, जबडा पूर्ण उघडून आतला लालभडक रंग दाखवते आणि चक्क किंचाळते.

'उष्ण प्रदेशातला' म्हणजे उष्णता आवडणारा?

आता पेटीकडे वळू. समजा, कोणी ही पाल पाळायला आणली. नकाशात पाहिले तर मादागास्करचा बहुतेक भाग उष्ण कटिबंधात. सरपटणारा प्राणी, त्यातून उष्ण कटिबंधातला. तेव्हा त्याला ऊब हवीच, असे समजून त्याने पेटीवर साठ वॅटचा दिवा लावला. हेतू चांगला होता, पण प्राणी मेला. ही पाल पाळू पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी आणि सर्वांत वारंवार होणारी चूक हीच.

चूक भूगोलाची आहे. मादागास्करच्या पूर्वेकडच्या पर्जन्यवनांचा बराच भाग डोंगरउतारावर आहे. आपण शाळेत शिकवतो की दर १६५ मीटर उंचीला तापमान सुमारे १ अंशाने उतरते. म्हणजे ९०० मीटरवरचे रान किनाऱ्यापेक्षा पाच-साडेपाच अंशांनी थंड असते. त्यात डोक्यावर दाट पर्णछत्र, त्यामुळे ऊन खाली पोचतच नाही. शिवाय ही पाल रात्री फिरणारी. दिवसाची सर्वांत उष्ण वेळ ती सावलीत झोपून काढते. कटिबंध उष्ण आहे हे खरे, पण पालीच्या पाठीला लागणारी हवा उष्ण नाही.

म्हणून बहुतेक जातींना दिवसा २२ ते २५ अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून तीन-चार अंश कमी तापमान मानवते. किनाऱ्यालगतच्या सखल रानातल्या 'हेंकेली'सारख्या जाती थोडी अधिक उष्णता सोसतात. डोंगरी जातींना मात्र सतत २८-३० अंश तापमान मिळाले की त्या खंगतात.

त्या का खंगतात? या प्राण्याच्या शरीराचे तापमान बाहेरच्या तापमानानुसार बदलते. तापमान १० अंशांनी वाढले तर त्याच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुपटी-तिपटीने वाढतो. श्वास वाढतो, पाणी अधिक वेगाने उडते, साठवलेली ऊर्जा खर्ची पडते. रानात असे झाले तर पाल खोडाच्या दुसऱ्या बाजूला जाते, खाली उतरते, ओलाव्यात शिरते. पेटीला दुसरी बाजूच नसते. निसर्गात जे काम प्राणी स्वतः पावलांनी करतो ते पेटीत पाळणाऱ्याला डोक्याने करावे लागते. कोंडून ठेवणे याचा खरा अर्थ हाच.

चपटेपणाची किंमत

तापमान जमले तरी दुसरी अडचण उभी राहते, ती पाण्याची. इथे वर्गात करण्याजोगा एक हिशेब आहे.

चिकणमातीचा २ सेंटिमीटर बाजूचा घन करा. त्याचे घनफळ ८ घन सेंटिमीटर, पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर. आता तीच माती दाबून ४ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड अशी वडी करा. घनफळ तेच ८, पण पृष्ठफळ झाले ४० चौरस सेंटिमीटर. माती तेवढीच, पण हवा लागणारी बाजू दीडपटीहून अधिक वाढली.

पर्णपुच्छ पाल म्हणजे ही वडी. जो चपटेपणा तिला शत्रूपासून लपवतो, तोच तिच्या अंगातले पाणी उडायला मदत करतो. खवल्यांच्या कातडीमुळे पाणी कमी उडते, पण अजिबात उडत नाही असे नाही. रानातली हवा कायम दमट असल्याने तिला ही किंमत जाणवत नाही. कोरड्या खोलीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात मात्र ती काही दिवसांत सुकते. डोळे आत जातात, कमरेची हाडे वर दिसू लागतात, शेपटीच्या मुळाशी चुण्या पडतात. कात नीट सुटत नाही. बोटांवर अडकून राहिलेली कात सुकून आवळते आणि बोट झडूही शकते.

म्हणून पेटीत सापेक्ष आर्द्रता ७० ते ९० टक्के ठेवावी लागते. त्यासाठी दर संध्याकाळी, आणि गरज पडल्यास सकाळीही, पाण्याचा बारीक फवारा मारतात. पाल वाटीतले साचलेले पाणी क्वचितच पिते. पानांवर आणि स्वतःच्या नाकाडावर जमलेले थेंब ती चाटते. म्हणजे फवारा हा तिचा पाऊस आणि तिची पाणपोईही.

रात्री तापमान उतरू देण्याचा इथे आणखी एक फायदा होतो. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प सामावू शकते. आर्द्रता ७० टक्के असेल तर तिच्यात सुमारे १६ ग्रॅम बाष्प आहे. हीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली तर तिची क्षमता सुमारे १७ ग्रॅमवर येते. बाष्प तेवढेच, १६ ग्रॅम. पण आर्द्रता झाली नव्वद टक्क्यांच्या वर! एक थेंबही न वाढवता पाल बाहेर पडण्याच्या वेळी हवा दमट झाली. उलट तीच हवा ३० अंशांपर्यंत तापवली तर क्षमता ३० ग्रॅमवर जाते आणि आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर घसरते. साठ वॅटचा दिवा पालीला दोन्हीकडून कसा मारतो ते आता लक्षात येईल.

मग पेटी पूर्ण बंद करून आत पाणी शिंपडले तर? तेही चालत नाही. कोंदट ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू माजतात, त्वचेला व श्वासमार्गाला संसर्ग होतो. रानात हवा दमट असते, पण खेळती असते. म्हणून पेटीच्या दोन बाजूंना जाळी ठेवतात आणि दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानांचे पृष्ठभाग सुकू देतात. पेटी उभी असावी, कारण हा प्राणी खोडावर राहणारा आहे. आत खोडाच्या जाडीच्या उभ्या फांद्या, जिवंत झाडे, तळाशी माती व पालापाचोळा. ही सजावट नव्हे. जिच्याशी मिसळून जायचे ती साल आणि पाने समोर नसतील तर ही पाल सतत उघडी पडल्यासारखी राहते.

रातकिडा पोट भरतो, हाड भरत नाही

पाल खाते जिवंत, हलणारे कीटक. पाळणारे तिला मुख्यतः रातकिडे देतात. पोट भरते, पण काही महिन्यांनी तिचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. खाऊन-पिऊन असे का व्हावे?

रातकिड्याला हाडे नसतात. त्याचे कवच कायटिनचे. त्यामुळे त्याच्या शरीरात फॉस्फरस भरपूर असतो, पण कॅल्शियम फारच थोडे. पालीला मात्र फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम अधिक हवे असते. आहारातून ते मिळाले नाही तर शरीर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्याच हाडांतून ते काढून घेते. शिवाय आतड्यातून कॅल्शियम शोषले जायला 'ड' जीवनसत्त्व लागते. म्हणून रातकिड्यांना आधी एक-दोन दिवस चांगला पाला व भाज्या खाऊ घालतात आणि पालीपुढे सोडण्याआधी कॅल्शियम व 'ड-३' जीवनसत्त्वाच्या भुकटीत घोळवतात. भाकरीच्या पिठात उंडा घोळवावा तसेच. रानातल्या पालीला ही भुकटी लागत नाही, कारण तिच्या ताटात एकच नव्हे तर नाना तऱ्हेचे किडे, कोळी आणि गोगलगायी असतात.

मादीची गरज सर्वांत मोठी. तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या पिशव्या असतात. आत पांढरे कॅल्शियमयुक्त द्रव्य साठते आणि अंड्याचे टणक कवच घडवताना ते वापरले जाते. अनुभवी माणसे या पिशव्या फुगीर आहेत की रित्या, हे पाहून मादीची तब्येत ओळखतात. रित्या पिशव्यांची मादी अंडी घालत राहिली तर कवच तिच्या हाडांतून बनते. म्हणून नराला काही काळ वेगळे ठेवून तिला विश्रांती द्यावी लागते.

उलटू नये असे अंडे

मादी एका वेळी साधारणपणे दोन अंडी घालते. ती पाचोळ्याखाली किंवा मातीत दडवते आणि निघून जाते. पुढची काळजी ऊन-पावसाची. पाळणारे ही अंडी शोधून वेगळ्या डबीत किंचित ओलसर थरावर ठेवतात. २२ ते २५ अंशांना, जातीनुसार, दोन ते तीन महिन्यांनी किंवा थोड्या अधिक काळाने पिल्ले बाहेर येतात.

अंडी उचलण्याआधी त्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करतात आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवतात. मुलांना इथे प्रश्न पडायला हवा. कोंबडी तर अंडी रोज उलटवते. मग पालीची अंडी का उलटवायची नाहीत? पक्ष्याच्या अंड्यात बलकाला दोन्हीकडून पिळदार दोरीसारखे आधार असतात. अंडे फिरले तरी बलक फिरून गर्भ वरच येतो. पालीच्या अंड्यात असे आधार नसतात. तिचा गर्भ सुरुवातीलाच वरच्या बाजूच्या आवरणाला चिकटतो. अंडे उलटले की तो बलकाखाली दबतो किंवा त्याच्या नाजूक रक्तवाहिन्या तुटतात. एकच क्रिया एका अंड्याला हवीशी, दुसऱ्याला घातक.

पिल्ले इवलीशी असतात. त्यांना फळांवरच्या चिलटांएवढे किडे द्यावे लागतात आणि पाणी सुकण्याचा धोका त्यांना सर्वांत जास्त. का, ते मातीच्या हिशेबावरून मुलांनी सांगावे : अंग जितके लहान, तितके घनफळाच्या मानाने पृष्ठफळ जास्त.

पेटीने रान वाचते का?

आता खरा प्रश्न. इतके सगळे शिकून माणसाने ही पाल पेटीत वाढवली, तिची पिल्ले झाली. चांगले झाले की वाईट?

बाजूने बोलणारे म्हणतात : पेटीत जन्मलेली पाल विकत मिळू लागली तर रानातून धरून आणण्याची गरज उरणार नाही. यात तथ्य आहे. रानातून धरलेली पाल प्रवासातच सुकते, पोटात कृमी व आदिजीव घेऊन येते आणि दडपणाखाली तेच परजीवी तिच्यावर मात करतात. पेटीत जन्मलेले पिल्लू यातून बरेचसे सुटलेले असते. शिवाय अंडी किती, केव्हा, किती दिवसांनी फुटतात, अशा अनेक गोष्टी आपल्याला पेटीमुळेच नीट कळल्या. रात्रीच्या रानात सालीसारखी दिसणारी पाल तीन महिने कोण पाहत बसणार?

दुसरी बाजूही तितकीच खरी. मागणी वाढली की चोरटा व्यापारही वाढतो आणि रानातून धरलेल्या पालीवर 'पेटीत जन्मलेली' अशी चिठ्ठी लावणे अवघड नसते. या व्यापारावर लक्ष राहावे म्हणून २००४ साली बँकॉकच्या परिषदेत युरोप्लॅटसच्या सर्व जातींचा 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. तेव्हापासून परवान्याशिवाय या पाली एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाहीत. भारतातही वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन सायटीसमधल्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने वनखात्याकडे नोंदणी करण्याचे नियम २०२४ मध्ये जारी झाले. तेव्हा कोणी चोरून आणलेली पाल 'शाळेला भेट' म्हणून देऊ लागला तर शिक्षकांनी ती घेऊ नये, हे स्पष्ट असावे.

पण सर्वांत मोठा धोका व्यापाराचाही नाही. १९५३ ते २०१४ या काळात मादागास्करने आपल्या नैसर्गिक जंगलापैकी सुमारे ४४ टक्के जंगल गमावले. शेतीसाठी जाळून, कोळशासाठी तोडून. मागे भात पिकवायला जमीन नसलेला शेतकरी आहे, चुलीसाठी दुसरे सरपण नसलेले घर आहे. त्यामुळे या प्रश्नाला एकच खलनायक नाही. मात्र, सालीचा वेष घेतलेल्या प्राण्याची सालच गेली तर वेषाचा उपयोग काय? पेटीतल्या शंभर पाली मूळच्या चार-सहा पालींच्या संतती असू शकतात. त्यांना परत सोडायचे म्हटले तर सोडायला रान हवे. पेटी रानाची जागा घेऊ शकत नाही. रान किती गुंतागुंतीचे आहे, एवढे ती दाखवू शकते. एका लहानशा पालीसाठी ऊब, ओल, वारा, चुना, साल, ऋतू या सगळ्यांची व्यवस्था करताना माणसाची दमछाक होते. रान हे काम कोणताही गाजावाजा न करता लाखो जिवांसाठी एकाच वेळी करत असते.

आपल्या भिंतीवर

हे सगळे शिकवायला मादागास्करची पाल आणण्याची गरज नाही. तिची नातलग शाळेच्या व्हरांड्यात दिव्याजवळ बसलेली आहे. तिला धरू नका, कोंडू नका. मुलांना महिनाभर फक्त वही आणि तापमापी द्या. ती किती वाजता बाहेर येते? त्या वेळी तापमान किती असते? थंडीत येते का? पांढऱ्या भिंतीवर आणि काळ्या तुळईवर तिचा रंग सारखाच दिसतो का? दिव्याखाली तिची सावली पडते का? मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून कधीकधी दोन अंडी पांढुरकी दिसतात. ती दिसतात का?

महिन्याने वह्या गोळा करा. टिचकी मारणारी किती बोटे थांबली, तेही त्यात कुठेतरी नोंदलेले सापडेल.